मित्रसंघातील वैर : उत्तर अतलांतिक करार आणि सायप्रसचा प्रश्न

लष्करी मित्रसंघाचा करार स्वभावतःच बहिर्मुख असतो. शत्रू कुंपणाबाहेर आहे हे गृहीत धरून त्याची कलमे रचलेली असतात. हल्ला कोणावर झाला म्हणजे कोणी धावून जावयाचे, सैन्य कोणाच्या आज्ञेखाली लढावयाचे, खर्चाची वाटणी कशी करावयाची, या गोष्टींचा त्यांत काळजीपूर्वक विचार केलेला आढळतो. मात्र संघाच्याच एखाद्या घटकराष्ट्राने दुसऱ्या घटकराष्ट्राविरुद्ध, किंवा ज्याच्या भवितव्यात त्या दोघांचेही हितसंबंध गुंतले आहेत अशा तिसऱ्या देशाविरुद्ध, शस्त्र उचलले तर काय करावयाचे, या प्रश्नाविषयी असे करार बहुधा मौन पाळतात. हे मौन अनवधानाने राहिलेले नसते. करारावर सह्या करणाऱ्या प्रत्येकाला आपल्या जुन्या भांडणांची जाणीव असते, आणि ती भांडणे मजकुरात आणली तर करारच होणार नाही हेही ठाऊक असते.

उत्तर अतलांतिक करार संघटनेच्या, म्हणजेच नाटोच्या, इतिहासात हा प्रश्न एकाहून अधिक वेळा उद्भवला. परंतु त्याचे सर्वांत तीव्र रूप सायप्रसच्या निमित्ताने ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामध्ये जो संघर्ष झाला त्यात दिसून येते. या संघर्षात नाटोने दोन घटकराष्ट्रांमधील उघड युद्ध टाळले, पण वाद मिटविला नाही. ही दोन्ही फळे एकाच मुळापासून निघाली आहेत. ज्या कारणामुळे संघाला दोन्ही राष्ट्रे आपल्यात टिकवून धरणे भाग होते, त्याच कारणामुळे त्यांपैकी कोणालाही निर्णायक जाब विचारणे त्याला शक्य नव्हते. हे कसे घडले ते क्रमाने पाहावयाचे आहे.

१. करारातील तरतुदी

४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टन येथे बारा राष्ट्रांनी सह्या केलेला उत्तर अतलांतिक करार अवघ्या चौदा कलमांचा आहे. पहिल्या कलमान्वये सर्व राष्ट्रांनी आपापले आंतरराष्ट्रीय तंटे शांततेच्या मार्गाने सोडविण्याचे वचन दिले आहे. चौथ्या कलमान्वये कोणाही घटकराष्ट्राच्या प्रादेशिक अखंडतेला, स्वातंत्र्याला अथवा सुरक्षिततेला धोका असल्याचे कोणासही वाटल्यास सर्वांनी विचारविनिमय करावयाचा आहे. पाचवे कलम सर्वपरिचित आहे : युरोपात किंवा उत्तर अमेरिकेत एका राष्ट्रावर झालेला सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला समजला जावयाचा. मात्र त्यानंतर प्रत्येकाने कोणती कृती करावयाची हे ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपविले आहे. सहावे कलम या वचनाची भौगोलिक मर्यादा आखते.

या मर्यादेचा अनुभव भारताच्या इतिहासाशीही निगडित आहे. पोर्तुगाल हे नाटोचे संस्थापक घटकराष्ट्र. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसमवेत काढलेल्या संयुक्त निवेदनात पोर्तुगालच्या आशियातील ‘प्रांतां’चा उल्लेख आल्यामुळे भारतात तीव्र प्रक्षोभ उसळला. परंतु डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले तेव्हा अमेरिका व ब्रिटन यांनी सुरक्षा समितीत निषेधाचा सूर लावला, तरी संघ म्हणून नाटो जागचा हलला नाही. गोवा सहाव्या कलमाच्या रेषेबाहेर होता. घटकराष्ट्राच्या वर्तनाची जबाबदारी संघ स्वीकारीत नाही, आणि त्या वर्तनाचे परिणाम भोगण्याची वेळ आली म्हणजे कलमाकडे बोट दाखवितो, हे त्या प्रसंगी स्पष्ट झाले.

करारात जे नाही तेही ध्यानात घेतले पाहिजे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेत वारंवार सनदभंग करणाऱ्या सभासदाला काढून टाकण्याची तरतूद आहे. उत्तर अतलांतिक करारात तशी तरतूद नाही. तेराव्या कलमान्वये राष्ट्राला आपण होऊन, एक वर्षाची सूचना देऊन, बाहेर पडता येते. त्याला बाहेर घालविता येत नाही. परिषदेचे निर्णय सर्वसंमतीने होतात, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोही त्या संमतीचा भागीदार असतो. वादी, प्रतिवादी आणि पंच एकाच बाकावर बसावेत, अशी ही रचना आहे.

ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न १९५६ साली झाला. सुवेझ प्रकरणाने संघ हादरला असताना नॉर्वेचे लांगे, इटलीचे मार्तिनो व कॅनडाचे पिअर्सन या तीन मंत्र्यांच्या समितीने असे सुचविले की, घटकराष्ट्रांनी आपसातील तंटे अन्यत्र नेण्यापूर्वी संघांतर्गत मिटविण्याचा यत्न करावा आणि महाचिटणिसांना मध्यस्थीचा अधिकार असावा. परिषदेने त्या वर्षीच्या डिसेंबरात हा अहवाल मान्य केला. या नव्या अधिकाराची पहिली कसोटी सायप्रसच्याच प्रश्नावर लागावयाची होती.

२. सायप्रसची घटना आणि हमीचा तह

ग्रीस व तुर्कस्तान ही दोन्ही राष्ट्रे १८ फेब्रुवारी १९५२ या एकाच दिवशी नाटोत दाखल झाली. काळ्या समुद्रातून भूमध्य समुद्रात उतरण्याचा मार्ग तुर्कस्तानच्या ताब्यात; त्या मार्गापुढे पसरलेली एजियन समुद्रातील बहुतेक बेटे ग्रीसची. सोव्हिएट आरमाराला अडवावयाचे तर दोघांपैकी एकावर भागणारे नव्हते. संघाच्या दृष्टीने या दोन देशांचे मोल त्यांच्या स्थानात होते, आणि स्थान हे असे भांडवल आहे की ते वर्तन बिघडल्याने घटत नाही.

सायप्रस १८७८ पासून ब्रिटनच्या कारभाराखाली होते. बेटावरील सुमारे चार-पंचमांश लोक ग्रीक भाषिक असून त्यांच्यातील प्रबळ पक्षाला ग्रीसशी एकीकरण, म्हणजे ‘एनोसिस’, हवे होते. सुमारे अठरा टक्के असलेल्या तुर्की समाजाच्या नेत्यांनी त्याला उत्तर म्हणून ‘तक्सीम’चा, म्हणजे फाळणीचा, पुकारा केला. मराठी दप्तरांत हिश्श्याच्या अर्थी येणारा ‘तकसीम’ हा शब्द त्याच अरबी मुळाचा आहे. १ एप्रिल १९५५ रोजी ग्रिव्हास यांच्या नेतृत्वाखालील गुप्त संघटनेने ब्रिटिशांविरुद्ध सशस्त्र लढा सुरू केला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात इस्तंबूल व इझमीर येथे ग्रीकांविरुद्ध दंगली उसळल्या. इझमीरच्या नाटो मुख्यालयात नेमलेल्या ग्रीक अधिकाऱ्यांची घरेही त्यांतून सुटली नाहीत.

मार्च १९५७ मध्ये महाचिटणीस लॉर्ड इस्मे यांनी मध्यस्थीची तयारी दर्शविली. ग्रीसने ती नाकारली. त्यांचे उत्तराधिकारी स्पाक यांनी १९५८ साली परिषद भरविण्याची खटपट केली, तीही फसली. अखेर समेट झाला तो दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांत प्रत्यक्ष बोलणी होऊन. या बोलण्यांना पॅरिस येथील नाटो बैठकीचे निमित्त उपयोगी पडले, एवढेच संघाचे श्रेय. फेब्रुवारी १९५९ मध्ये झुरिच व लंडन येथे करार झाले आणि १६ ऑगस्ट १९६० रोजी सायप्रस स्वतंत्र झाले.

नवी राज्यघटना कमालीची गुंतागुंतीची होती. अध्यक्ष ग्रीक, उपाध्यक्ष तुर्की. सरकारी नोकऱ्यांत सत्तर व तीस असे प्रमाण, सैन्यात साठ व चाळीस. महत्त्वाच्या विषयांवर उभयतांना नकाराधिकार. यांपेक्षाही दूरगामी परिणाम हमीच्या तहाने घडविला. या तहान्वये ब्रिटन, ग्रीस व तुर्कस्तान यांनी सायप्रसचे स्वातंत्र्य, अखंडता व घटना यांची हमी घेतली. तहाचा भंग झाल्यास तिघांनी विचारविनिमय करावा आणि एकत्र कृती शक्य नसेल तर प्रत्येकाला स्वतंत्रपणे कृती करण्याचा हक्क राहावा, असे चौथ्या कलमात म्हटले होते. मात्र त्या कृतीचा एकमेव हेतू तहाने निर्माण केलेली स्थिती पुनःस्थापित करणे हाच असला पाहिजे, अशी अट होती. ‘कृती’ या शब्दात शस्त्रबळाचा समावेश होतो की नाही, हे तहात सांगितलेले नाही. शिवाय एका जादा करारान्वये ९५० ग्रीक व ६५० तुर्की सैनिक बेटावर ठेवण्यात आले, आणि ९९ चौरस मैलांचे दोन तळ ब्रिटनने आपल्या सार्वभौमत्वाखाली राखून ठेवले. नाटोच्या तीन घटकराष्ट्रांच्या सेना अशा प्रकारे नाटोबाहेरील एका लहानशा देशात समोरासमोर उभ्या राहिल्या.

३. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचे पत्र

नोव्हेंबर १९६३ च्या अखेरीस अध्यक्ष आर्चबिशप मकारिऑस यांनी घटनेत तेरा दुरुस्त्या सुचविल्या. तुर्की समाजाच्या विशेष हक्कांपैकी बहुतेक त्यांमुळे जाणार होते. डिसेंबरात निकोसियात रक्तपात सुरू झाला आणि शहराच्या नकाशावर ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने हिरव्या पेन्सिलीने रेषा ओढून दोन्ही समाज वेगळे केले. नाटो राष्ट्रांचे शांतिदल पाठविण्याची अमेरिका व ब्रिटन यांची योजना मकारिऑस यांनी फेटाळली. ज्या संघात आपले दोन्ही पालक बसतात आणि आपण बसत नाही, त्याच्या हाती देश सोपविण्यास त्यांचा विरोध होता. ४ मार्च १९६४ रोजी सुरक्षा समितीने संयुक्त राष्ट्रसंघाचे दल पाठविण्याची शिफारस केली. या दलाचे पहिले सेनापती भारताचे लेफ्टनंट जनरल ग्यानी हे होते. त्यांच्यानंतर ही जबाबदारी भारताचे माजी सरसेनापती जनरल थिमय्या यांच्याकडे आली. डिसेंबर १९६५ मध्ये सायप्रसमध्येच त्यांचे निधन झाले.

तथापि दल आल्यानंतरही अत्याचार थांबले नाहीत, आणि जून १९६४ च्या आरंभी तुर्कस्तानने बेटावर सैन्य उतरविण्याची तयारी केली. या वेळी ५ जून रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी पंतप्रधान इस्मत इनोनू यांना पाठविलेले पत्र मित्रसंघांच्या इतिहासात अभ्यसनीय ठरते. पत्रातील दोन मुद्दे महत्त्वाचे होते. पहिला असा की, अमेरिकेने लष्करी साह्य म्हणून दिलेली शस्त्रे या कामासाठी वापरण्यास १९४७ च्या करारान्वये तिची संमती लागते, आणि ती मिळणार नाही. दुसरा त्याहून गंभीर होता. तुर्कस्तानच्या कृतीमुळे सोव्हिएट युनियनने प्रत्यक्ष हस्तक्षेप केला, तर मित्रांच्या पूर्वसंमतीशिवाय पाऊल टाकणाऱ्या तुर्कस्तानचे रक्षण करण्यास ते बांधलेले आहेत की नाहीत, याचा विचार नाटो राष्ट्रांनी अद्याप केलेला नाही, असे त्यात स्पष्टपणे सूचित केले होते.

पत्राचा तात्काळिक हेतू सफल झाला, स्वारी टळली. ऑगस्टमध्ये तुर्की विमानांनी बेटाच्या वायव्येस बाँबहल्ले केले, परंतु सैन्य उतरले नाही. मात्र या यशाची किंमत फार मोठी होती. पाचव्या कलमाचे सामर्थ्य त्याच्या निरपवादपणात असते. मित्राने अयोग्य वर्तन केले तर वचन लागू राहील याची खात्री नाही, असे एकदा सांगितले की ते वचन बक्षिसाचे रूप धारण करते. तुर्की राज्यकर्त्यांनी यापासून दोन धडे घेतले. मॉस्कोशी संबंध सुधारणे हा पहिला : त्या वर्षाच्या अखेरीपूर्वीच तुर्की परराष्ट्रमंत्री तेथे जाऊन आले, आणि पुढील दशकात पोलाद, अॅल्युमिनियम व तेलशुद्धीकरण यांचे मोठे कारखाने सोव्हिएट साह्याने तुर्कस्तानात उभे राहिले. दुसरा धडा लष्करी होता. १९६४ साली बेटावर सैन्य उतरविण्याजोग्या नौका तुर्कस्तानपाशी पुरेशा नव्हत्या. नंतरच्या दहा वर्षांत त्याने त्या स्वतः बांधल्या. जानेवारी १९६६ मध्ये पत्र वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले तेव्हा लोकमतही अमेरिकेविरुद्ध खवळले.

नोव्हेंबर १९६७ मध्ये पुन्हा युद्धाचा प्रसंग ओढवला. या वेळी अमेरिकेचे दूत सायरस व्हान्स यांनी अंकारा, अथेन्स व निकोसिया यांच्यामध्ये खेपा घालून तो टाळला. गुप्तपणे बेटावर आणलेले कित्येक हजार ग्रीक सैनिक परत गेले आणि ग्रिव्हास यांना माघारी बोलावण्यात आले. आणीबाणी मिटली, तिचे कारण शिल्लक राहिले.

४. १९७४ चा उन्हाळा

१९६७ पासून ग्रीसमध्ये लष्करशाही होती. १५ जुलै १९७४ रोजी अथेन्सच्या प्रेरणेने, ग्रीक अधिकाऱ्यांच्या हाताखालील राष्ट्रीय रक्षक दलाने मकारिऑस यांचे सरकार उलथून टाकले आणि निकोस सांप्सन यांना अध्यक्षपदी बसविले. हमी देणाऱ्या राष्ट्रानेच हमीचा विषय असलेल्या राज्यावर घाला घातला होता. या प्रकरणातील पहिले आक्रमक पाऊल ग्रीसचे होते, हे विसरून चालणार नाही.

तुर्कस्तानचे पंतप्रधान एजेविट यांनी लंडनला जाऊन ब्रिटनने आपल्याबरोबर संयुक्त कृती करावी अशी मागणी केली. ब्रिटनने नकार दिला. त्याचे सैन्य व विमाने बेटावरच होती. पुढे १९७६ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने हस्तक्षेपाचा हक्क, जबाबदारी व सामर्थ्य ही तिन्ही ब्रिटनपाशी होती असा ठपका ठेवला. २० जुलै रोजी तुर्की सैन्य किरेनियाजवळ उतरले. दुसऱ्याच दिवशी घडलेली एक दुर्घटना या युद्धाचे स्वरूप अचूक दाखविते. पॅफॉसजवळच्या समुद्रात दिसलेल्या विनाशिका ग्रीक आहेत असे समजून तुर्की विमानांनी त्यांवर हल्ला केला आणि ‘कोजातेपे’ ही स्वतःचीच विनाशिका बुडविली. ती मूळची अमेरिकन बांधणीची होती. त्याच वर्गाच्या विनाशिका ग्रीसकडेही होत्या. एकाच दात्याने दोघांना सारखी शस्त्रे दिली होती, आणि युद्धात मित्र कोणता व शत्रू कोणता हे वरून ओळखता येईना.

२३ जुलैला अथेन्समधील लष्करशाही कोसळली, सांप्सन पायउतार झाले, आणि करामानलिस यांच्या नेतृत्वाखाली ग्रीसमध्ये लोकशाही परतली. येथपर्यंतच्या तुर्की कृतीचे समर्थन हमीच्या तहाच्या चौथ्या कलमाने करता येते की नाही, याविषयी मतभेद संभवतो. परंतु जिनीव्हा येथील वाटाघाटी मोडताच १४ ऑगस्ट रोजी तुर्की सैन्याने जी दुसरी चढाई केली, तिला तो आधार देणे अवघड आहे. उलथविलेली घटना पूर्ववत् करणे हाच एकमेव हेतू असावा, ही अट होती. या चढाईने मात्र बेटाचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग व्यापून प्रत्यक्षात फाळणी घडविली. दीड लाखाहून अधिक ग्रीक सायप्रसवासी दक्षिणेकडे निर्वासित झाले. चाळीस हजारांहून अधिक तुर्की सायप्रसवासी पुढील वर्षभरात उत्तरेकडे गेले. दोन्ही समाजांतील मिळून दोन हजारांच्या घरात माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली. सहा-साडेसहा लाख वस्तीच्या देशात हे आकडे काय सांगतात ते विशद करण्याची गरज नाही.

या काळात नाटो परिषदेच्या बैठका झाल्या, आवाहने निघाली. पण पाचवे कलम लागू होण्यास सायप्रस घटकराष्ट्र नव्हते, आणि हल्ला करणारे राष्ट्र परिषदेत बसलेले होते. १४ ऑगस्टलाच करामानलिस यांनी ग्रीस नाटोच्या एकत्रित लष्करी यंत्रणेतून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. दोन मित्रांमधील युद्ध जो संघ रोखू शकत नाही त्यात सैन्य ठेवण्यात अर्थ नाही, हा त्यामागील युक्तिवाद होता. मात्र करारातून ग्रीस बाहेर पडले नाही; पाचव्या कलमाचे छत्र त्याने सोडले नाही. रुष्ट मित्राने घर सोडले, पण छप्पर सोडले नाही.

५. शस्त्रबंदी आणि तिचे फल

संघ जे करू शकला नाही ते अमेरिकेच्या काँग्रेसने करून पाहिले. अमेरिकन शस्त्रे केवळ संरक्षणासाठी वापरावीत असा कायदा होता. तो मोडला गेला, या कारणावरून काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष फोर्ड व परराष्ट्रमंत्री किसिंजर यांच्या विरोधास न जुमानता ५ फेब्रुवारी १९७५ पासून तुर्कस्तानला शस्त्रपुरवठा बंद केला. विधिनियमाच्या दृष्टीने हा निर्णय निर्दोष होता. त्याचा राजकीय परिणाम मात्र अपेक्षेच्या उलट झाला.

जुलै १९७५ मध्ये तुर्कस्तानने आपल्या भूमीवरील अमेरिकन केंद्रांचे कामकाज थांबवून ती ताब्यात घेतली. सोव्हिएट क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांवर व लष्करी हालचालींवर लक्ष ठेवणारी केंद्रे त्यांत होती. इंजिर्लिकचा विमानतळ तेवढा नाटोच्या कार्यापुरता चालू राहिला. त्याच वर्षी तुर्कस्तानने इझमीर येथे ग्रीक बेटांसमोर एक स्वतंत्र सेना उभारली आणि ती नाटोच्या आज्ञेबाहेर ठेवली. देशी बनावटीची लष्करी विद्युत् साधने निर्माण करणारी ‘असेलसान’ ही संस्थाही १९७५ चीच. सायप्रसमधून मात्र तुर्की सैन्य हटले नाही. त्या वर्षाच्या अखेरीपूर्वी बंदी सैल करावी लागली आणि १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या आग्रहावरून ती पूर्णपणे उठली.

शस्त्रबंदी का फसली, याचे उत्तर देवाणघेवाणीच्या स्वरूपात आहे. शस्त्रे देणारा व घेणारा यांच्यापैकी परावलंबी कोण, हे वरवर दिसते तितके सोपे नसते. तुर्कस्तानला शस्त्रे हवी होती. अमेरिकेला तुर्की डोंगरांवरून दिसणारे सोव्हिएट आकाश हवे होते. शस्त्रांना पर्याय कालांतराने सापडतो. डोंगरांना सापडत नाही.

६. सर्वसंमतीचे दुधारी शस्त्र

ग्रीसला थोड्याच वर्षांत आपल्या निर्णयाचा पुनर्विचार करावा लागला. बाहेर राहिल्याने एजियन समुद्रावरील संघाच्या योजना त्याच्या अनुपस्थितीत ठरू लागल्या होत्या. परंतु परतण्यास सर्वांची संमती हवी होती, आणि सर्वांत तुर्कस्तानही होते. ते मागील आज्ञाक्षेत्रे जशीच्या तशी ग्रीसला देण्यास तयार नव्हते. सप्टेंबर १९८० मध्ये तुर्कस्तानात लष्कराने सत्ता घेतल्यावर युरोपातील मित्रसेनांचे सरसेनापती जनरल रॉजर्स यांनी जनरल एव्हरेन यांच्याशी बोलणी करून मार्ग काढला, आणि ऑक्टोबरात ग्रीस परतले. आज्ञाक्षेत्रांच्या वाटणीचा प्रश्न पुढे ढकलण्यात आला. राजकीय मुत्सद्द्यांना सहा वर्षांत जे साधले नाही ते दोन सेनापतींनी काही आठवड्यांत साधले. त्याचे कारण हे की त्यांनी वादाच्या मुळाला हातच घातला नाही.

येथे आइसलंड व ब्रिटन यांच्यातील मत्स्यक्षेत्राच्या तंट्याशी तुलना उद्बोधक ठरते. १९५८ ते १९७६ या काळात आइसलंडने आपली मासेमारीची हद्द बारा, पन्नास व अखेर दोनशे मैलांपर्यंत वाढविली. त्याच्या गस्तनौका ब्रिटिश मच्छीमारांची जाळी तोडीत; ब्रिटिश लढाऊ जहाजे त्यांना अडवीत; जहाजांवर जहाजे आदळत. फेब्रुवारी १९७६ मध्ये आइसलंडने ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले. सैन्यच नसलेला हा देश केफ्लाविक येथील तळाच्या भवितव्याची आठवण करून देई, आणि तेवढे पुरत असे. महाचिटणीस लुन्स यांच्या प्रयत्नांना यश येऊन जून १९७६ मध्ये समेट झाला, तो बहुतांशी आइसलंडच्या बाजूने. स्थानाचे भांडवल येथेही प्रभावी ठरले, परंतु तंट्याचा विषय मासे हा होता. मासे मोजता येतात, वाटून घेता येतात. ज्या भूमीवर दोन समाजांच्या स्मृती, भीती व घरे आहेत तिची वाटणी तशी होत नाही. सायप्रसच्या बाबतीत संघ नुसता दुबळा ठरला असे नाही. तो ज्या प्रकारची साधने बाळगतो ती त्या प्रकारच्या तंट्याला लागूच पडत नव्हती.

७. पुढील इतिहास आणि निष्कर्ष

१९७४ नंतर ग्रीस व तुर्कस्तान यांच्यातील वाद सायप्रसपुरता राहिला नाही. सागरमग्न खंडभूमी, हवाई हद्द, प्रादेशिक समुद्राची रुंदी व बेटांवरील सैन्य हे विषय त्यात मिसळले. १९७६, १९८७ व १९९६ साली प्रसंग युद्धाच्या उंबरठ्यापर्यंत गेला आणि प्रत्येक वेळी परतला. सायप्रसने रशियाकडून विकत घेतलेली विमानवेधी क्षेपणास्त्रे तुर्कस्तानच्या धमकीमुळे १९९८ च्या अखेरीस क्रीट बेटाकडे, म्हणजे एका नाटो राष्ट्राच्याच भूमीवर, वळविण्यात आली. आणि २०१९ साली स्वतः तुर्कस्ताननेच त्याहून नव्या बनावटीची रशियन क्षेपणास्त्रे आणली, तेव्हा अमेरिकेने त्याला एफ-३५ विमानांच्या योजनेतून वगळले. जून २०२० मध्ये लिबियाच्या शस्त्रबंदीवरून भूमध्य समुद्रात फ्रेंच व तुर्की युद्धनौकांत खटका उडाला व फ्रान्सने नाटोच्या सागरी मोहिमेतील सहभाग स्थगित केला. ऑगस्ट २०२० मध्ये एक ग्रीक व एक तुर्की युद्धनौका एकमेकींवर घासल्या. त्यानंतर ऑक्टोबरात नाटोने दोघांच्या लष्करी अधिकाऱ्यांत थेट संपर्काची योजना केली. फिनलंड व स्वीडन यांनी मे २०२२ मध्ये प्रवेशासाठी केलेले अर्जही तुर्कस्तानच्या संमतीअभावी अडले. ते देश अनुक्रमे एप्रिल २०२३ व मार्च २०२४ मध्ये संघात आले. साधने व पात्रे बदलली. रीत तीच राहिली.

या इतिहासावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, मित्रसंघात घटकराष्ट्राचे वजन त्याच्या वर्तनावरून ठरत नाही. ते त्याच्या स्थानावरून व उपयुक्ततेवरून ठरते. म्हणून शिक्षेची भाषा बहुधा सौद्याच्या भाषेत परिणत होते. दुसरी, मित्राला वठणीवर आणण्याची जी दोन प्रबळ साधने, रक्षणाचे वचन सशर्त करणे व शस्त्रे रोखणे, ती वापरताच झिजतात. ज्याच्यावर ती चालवावी तो पुढील प्रसंगी त्यांच्यावाचून निभावण्याची तयारी करून ठेवतो. १९६४ चे पत्र १९७४ साली उपयोगी पडले नाही याचे एक कारण १९६४ चे पत्र हेच होते. तिसरी, याउपर मित्रसंघ निरुपयोगी ठरतो असे मात्र म्हणता येणार नाही. ग्रीस व तुर्कस्तान यांच्यामध्ये उघड, सर्वंकष युद्ध झाले नाही, आणि एकाच संघाचे सभासद असणे हे त्याचे एक मोठे कारण आहे. वॉर्सा कराराच्या राष्ट्रांनी १९६८ साली आपल्याच सभासदावर, चेकोस्लोव्हाकियावर, एकत्रितपणे सैन्य धाडले, त्याच्याशी तुलना करता नाटोची असमर्थता ही काही अंशी त्याच्या रचनेतील समानतेची किंमत आहे.

मात्र ती किंमत कोणी चुकविली, हा प्रश्न उरतो. संघाने आपले दोन्ही घटक राखले, त्या घटकांनी आपले स्थान राखले. नुकसान झाले ते संघाबाहेरील सायप्रसचे. १९८३ मध्ये उत्तरेकडे घोषित झालेल्या राज्यास तुर्कस्तानखेरीज कोणी मान्यता दिली नाही. एप्रिल २००४ च्या सार्वमतात एकीकरणाची योजना तुर्की समाजाने स्वीकारली व ग्रीक समाजाने नाकारली, आणि दुभंगलेले बेट त्याच स्थितीत पुढच्याच महिन्यात युरोपीय संघात दाखल झाले. मार्च १९६४ मध्ये सुरक्षा समितीने सायप्रसमध्ये दल पाठविण्याचे ठरविले, तेव्हा त्याची मुदत तीन महिन्यांची होती. ते दल अद्याप तेथेच आहे.